दोन बोटांची फट

सरकारी कचेरीत बारा वर्षे काढल्यावर माणसाला दुसरे काही येवो न येवो, तुलनात्मक तक्ता मात्र उत्तम करता येतो. डावीकडे अपेक्षित गुण, वर निविदा भरणाऱ्यांची नावे आणि शेवटच्या रकान्यात शेरा. खुर्च्यांचे, पंख्यांचे, कपाटांचे असे किती तक्ते मी आजवर वरिष्ठांपुढे सादर केले असतील, याची गणती नाही. परंतु बर्फात राहण्यासाठी चाकांवरचे घर निवडण्याचा तक्ता आपल्याला कधी करावा लागेल, असे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

झाले असे की, एका रविवारी सकाळी कॅनडातील कॅलगरीहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, मी एक ट्रेलर घेतो आहे. तीन पाहून ठेवले आहेत. तिन्हींची माहिती पाठवतो. तू एकदा नजर घाल." मोटारीला जोडून ओढत न्यायचे, आत बिछाने, चूल आणि न्हाणीघर असलेले हे घर. उन्हाळ्यात अशी घरे घेऊन हिंडणारे लोक तिकडे पुष्कळ. आमच्या या गृहस्थाला मात्र ते हिवाळ्यासाठी हवे होते. जिथे विजेची तार नाही, नळ नाही, अशा डोंगरात बायकोमुलांसह तीनचार रात्री काढायच्या! मी पैशांचे विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, "वाईचे आहेत ना."

वाईचे म्हणजे आमच्या वडिलांच्या घराचे. वडील गेल्यावर आई माझ्याकडे दिल्लीला आली. दरवर्षी कौले कोण चाळणार आणि पावसाने फुगलेल्या भिंती कोण सावरणार? शेवटी 2022 साली आम्ही दोघांनी कागदावर सह्या केल्या. माझा वाटा मी बँकेत मुदतीच्या ठेवीत टाकला आणि त्याला आजवर हात लावला नाही. आणि हा त्या माजघराचे, त्या पडवीचे एक पत्र्याचे खोके करायला निघाला होता!

त्याच रात्री मी त्याला उत्तर लिहिले. "प्रस्तावित खरेदीची आवश्यकता सिद्ध होत नाही. सबब प्रस्ताव परत." भावाला असे उत्तर लिहिणारा माणूस किती कोरडा झाला असला पाहिजे, हे लिहिताना मला कळले नाही. आठ दिवस त्याचा फोन आला नाही. नवव्या दिवशी आईने विचारले, "धाकट्याचा फोन नाही रे?" मी वर्तमानपत्रात तोंड घातले, आणि तिचा डोळा लागल्यावर ते कागद उघडून बसलो. लाज म्हणा, सवय म्हणा, तक्ता करायला घेतला.

वाचकहो, या विषयाची एक गंमत आहे. असे घर निवडायला बसले की प्रथम डोळ्यांत भरते ती त्याची लांबी. गाद्या, आरसे, मोठ्या काचा हे सारे नंतर येते, आणि घर कशाने निभावते हे सर्वांत शेवटी. भावाने पाहिलेल्या तिन्ही घरांवर 'चारही ऋतूंसाठी' असे बिरुद होते. परंतु ते प्रत्येक कारखानदार आपापल्या अर्थाने लावतो. एकाच्या लेखी त्याचा अर्थ भिंतीतील जाड अस्तर, दुसऱ्याच्या लेखी पाण्याच्या टाक्यांखालून जाणारी उबदार हवा. तेव्हा बिरुदाचा रकाना मी खोडला आणि त्या जागी प्रश्न लिहिले. टाक्या आणि नळ्या बंद तळाच्या आत आहेत का? तिथवर ऊब पोहोचते का? काचा दुहेरी आहेत का? कारण कॅलगरीकडे कडाक्याच्या दिवसांत पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो आणि उघड्यावरची नळी एका रात्रीत फुटते.

मग विजेचा हिशेब. घर तापवायला प्रोपेन वायू असतो. तो उणे 42 अंशांपर्यंत द्रवाचा वायू होऊ शकतो, म्हणून त्या थंडीत त्याचाच आधार. पण गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो. पंख्याला सात अँपियर लागतात असे धरले, आणि डिसेंबरातल्या सोळा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ चालला, तर छप्पन्न अँपियर-तास खर्ची पडतात. शंभर अँपियर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून निम्मेच वापरावे हा नियम, त्यात थंडीने तिची शक्ती आणखी घटते. म्हणजे एका रात्रीत कारभार आटोपला! लिथियमच्या बॅटरीतून अधिक शक्ती घेता येते, पण ती शून्याखाली गारठलेली असताना भरली तर कायमची बिघडते. म्हणून तिची जागा घराच्या आत, उबेत हवी. छपरावरच्या सूर्यपट्ट्यांना दिवस मिळतो जेमतेम आठ तासांचा, तोही बर्फ झाडून काढला तर. घर जितके लांब, तितकी तापवायची हवा अधिक, तितकी बॅटरी अधिक, आणि तितके वजनही अधिक. दीडशे लिटर पाणी भरले की दीडशे किलो वाढले. शिवाय एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या जोडावर यावा लागतो, नाही तर मागचे घर वाऱ्याने डोलू लागते. त्याच्या मोटारीची ताकद पाहिली, तेव्हा तिघांपैकी सर्वांत लांब घर तक्त्यातून आपोआप गळाले.

अशी टिपणे करता करता मी 'वायुवीजन' या रकान्याशी आलो आणि लेखणी थांबली.

2014 च्या हिवाळ्यात माझी पहिली नेमणूक शिमल्यात होती. नवे लग्न, भाड्याची एक खोली. देशावरून गेलेल्या आम्हा दोघांना थंडीचा अनुभव शून्य. जानेवारीतल्या एका रात्री बर्फ पडू लागले, तेव्हा आम्ही कोळशाची अंगीठी आत घेतली, दाराखाली चादर कोंबली, खिडकीच्या फटींत कागद भरले, आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन झोपलो. पहाटे मला जाग आली ती डोके फुटेल अशा वेदनेने. पत्नीला हाक मारली, तिने उत्तर दिले नाही. उठायला गेलो तर पाय आपले नव्हतेच. नळ गोठू नये म्हणून थेंबथेंब सोडून ठेवला आहे की नाही, हे पाहायला घरमालकीण त्या वेळी आली नसती, तर पुढचे लिहायला मी उरलो नसतो. तिने दार ठोठावले. मी रांगत जाऊन कडी काढली. तिने हिला दंडाला धरून ओढत बर्फात नेऊन बसवले आणि आम्हां दोघांना, पोटच्या पोरांना बोलावे तसे, मनसोक्त बोलून घेतले. कोळशाच्या त्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. रक्त प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेपट अधिक घट्ट धरून ठेवते, हे मी पुढे वाचले. म्हातारीने ते कधीच वाचले नसेल. तिचा नियम एवढाच होता की, आत विस्तव असेल तर खिडकी दोन बोटे उघडी. थंडी लागली तर आणखी एक रजई घ्या, पण फट बुजवू नका.

ही गोष्ट मी आईलाही कधी सांगितली नव्हती. त्या रात्री मी ती भावाला लिहिली. खाली तक्ता जोडला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: तिघांतले सर्वांत लहान घे. हीटर असा हवा की तो जळणासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो. ऊब यावी म्हणून स्वयंपाकाची चूल कधीही पेटवू नकोस. विषारी वायूची सूचना देणारी घंटा आधी तपासून घे, आणि धुराड्याच्या तोंडावर बर्फ साचला आहे का ते दर काही तासांनी पाहा. कितीही थंडी असो, एक खिडकी दोन बोटे उघडी ठेव. चौघांच्या श्वासाचे पाणी भिंतींवर आणि गादीखाली साचते, त्यालाही हाच उपाय. आणि विकत घेण्यापूर्वी तसलेच एक भाड्याने घेऊन दोन रात्री राहून पाहा. पहिली रात्र घराजवळच काढ, म्हणजे चुकलास तर परतता येईल. शेवटी लिहिले, "मागचे पत्र फाडून टाक."

त्याचे उत्तर आले ते असे: "दादा, इथे आल्यापासून दहा वर्षे आम्ही दुसऱ्याच्या घराच्या तळघरात राहतो. खिडकीतून लोकांचे पाय दिसतात. मुलांना एकदा तरी आपल्या दारातून बाहेर पाऊल टाकता यावे, एवढेच मनात होते. अण्णांचे पैसे उधळावेत, असे मनात नव्हते."

हे वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. 1885 साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकाने निव्वळ हौसेने हिंडण्यासाठी ब्रिस्टलच्या कारखान्यात घोड्यांनी ओढायचे एक सुंदर घर बांधवून घेतले होते. त्याला हौस होती, कारण त्याला घर होते. आमच्यासारख्या बदलीच्या माणसांचे तसे नाही. सरकारी निवासातल्या भिंतीत खिळा ठोकतानाही आपण तो उद्या उपटावा लागेल, या हिशेबाने ठोकतो. मी वाईचा वाटा ठेवीत बंद करून ठेवला, तो जपण्यासाठी की त्याकडे पाहावे लागू नये म्हणून? भावाने निदान त्याला दार तरी लावायचे ठरवले.

डिसेंबरात त्याने एक लहान ट्रेलर भाड्याने घेतला आणि दोन रात्री राहून आला. परतल्यावर फोन केला. पहिल्या रात्री तीन वाजता बॅटरी संपली, पंखा थांबला, चौघे एकाच पांघरुणात शिरून बसले आणि सकाळी मुले घरी यायला तयार होईनात. आता एक बॅटरी अधिक घेऊन तसलेच घर घ्यायचे त्याने ठरवले आहे.

आईने फोन माझ्या हातून घेतला. "थंडी नाही ना रे बाधली?"

"बाधली थोडी," तो म्हणाला. "खिडकी दोन बोटे उघडी होती. दादाने सांगितले होते ना!"

"बरे केलेस," आई म्हणाली. "तुझे अण्णाही चुलीवरचा झरोका कधी लावू देत नसत."

मी तक्ता पुन्हा उघडला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: मान्य.