म्हापशाची आगोट

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बाराही महिने गर्दी असते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत त्या गर्दीला निराळीच घाई चढलेली असते. पेडणे व डिचोली तालुक्यांतील माणसे सकाळच्या बसने उतरतात ती रिकाम्या पिशव्या घेऊन, आणि दुपारी परततात ती सुक्या मासळीचा वास अंगावर घेऊन. आपल्याकडे जिला आगोटीची बेगमी म्हणतात, तिलाच गोव्यात ‘पुरुमेंत’ असे नाव आहे. शब्द मूळचा पोर्तुगीज. अर्थ साधाच, तरतूद.

वाचकहो, या बाजारातून नुसते हिंडणे हेही एक सुखच आहे. हरमलच्या तांबड्या मिरच्या, वेणीसारख्या विणलेल्या कांद्यांच्या माळा, आगरातले जाडे मीठ, चिंचेचे गोळे, भिरंडीची सोले, सुके बांगडे व सुंगटे, चोरिसांच्या माळा, उकड्या तांदळाची पोती! चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस जेथे कोसळतो आणि १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेथील गृहिणीला हे सारे माळ्यावर चढविल्याखेरीज स्वस्थ झोप कशी यावी? येथील सेंट जेरोमच्या ख्रिस्तमंदिरात ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी मिलाग्रिस सायबिणीचा सण भरतो. ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही तिला तेल वाहतात. शिरगावची लईराई ही तिची बहीण, असे दोन्हीकडची माणसे सांगतात. त्या सणाच्या फेरीपासूनच पुरुमेंताची खरेदी सुरू होते.

घराची तयारी वेगळी. फुटकी कौले बदलून शाकारणी करायची, पावळ्या साफ करायच्या, पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झापांची झड बांधायची, सरपण पडवीत रचायचे. ही सारी व्यवस्था जूनमध्ये वेळेवर येणाऱ्या पावसासाठी आहे, आणि त्या पावसापुरती ती पुरेशीही आहे. परंतु वादळ पंचांग पाहून येत नाही. भर पावसाळ्यात अरबी समुद्रावर वरच्या आणि खालच्या थरांतील वारे इतक्या निरनिराळ्या वेगाने वाहतात, की चक्रीवादळाची घडी सहसा बसत नाही. ते उठते बहुधा पावसाच्या आधी, मे-जूनमध्ये, समुद्र तापलेला असताना, नाही तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे माणसे निम्म्या तयारीत असतात तेव्हा, किंवा तयारी मोडून बसलेली असतात तेव्हा.

१६ मे २०२१, रविवार. त्या दिवशी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. कोविडची संचारबंदी चालू होती. पेडण्याकडे राहणाऱ्या आमच्या वृद्ध मावशीकडे आम्ही अडकून पडलो होतो. शाकारणीची माणसे येऊ शकली नव्हती. नवी कौले अंगणातच रचलेली होती. दुपारपर्यंत फणसाची फांदी स्वयंपाकघरावर आली आणि नुकत्याच वाळवलेल्या मिरच्यांवर पाण्याची धार लागली. गोव्यात त्या वादळाने दोन बळी घेतले. त्या मानाने मिरच्यांचे काय? परंतु मावशी त्यांच्याकडे पाहत कितीतरी वेळ नुसती उभी राहिली, हे आम्ही विसरलेलो नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. वीज गेली ती पाच दिवस. विहीर तुडुंब नसली तरी भरलेली होती. पण पंप बसविल्यापासून कप्पी काढून टाकलेली आणि दोर कधीच कुजून गेलेला. पाणी डोळ्यांना दिसत होते आणि हाती लागत नव्हते! शेजारच्या घरातून दोर व कळशी आली, तेव्हा चूल पेटली.

दुकाने आता जागोजागी झाली, पुरुमेंत कशाला हवे, असे तरुण मंडळी म्हणतात. रस्त्यावर माड आडवे पडले म्हणजे त्या दुकानापर्यंत कसे जावे, एवढेच आम्हांला त्यांस विचारावेसे वाटते. मावशीने मात्र वाद घातला नाही. तिने शाकारणी मिलाग्रिसच्या सणाआधी उरकण्याचा नेम केला. घरावर झुकलेला म्हातारा माड तोडविला. सुके जिन्नस पत्र्याच्या डब्यांत घालून स्लॅबच्या खोलीत हलविले. रेशनकार्ड, घराचे कागद आणि बाप्तिस्म्याचे दाखले मेणकापडात बांधून ठेवले. वेधशाळेचा इशारा आला की ती हंडे भरते आणि मोबाइल चार्ज करून ठेवते. नोव्हेंबर संपेपर्यंत कंदिलाची काच पुसलेली असते. विहिरीवर कप्पी पुन्हा बसली.

यंदाच्या शुक्रवारी तिने आमच्याकडून प्रथम विकत घेवविला तो काथ्याचा दोर, मिरच्या मागाहून. दुकानदाराने पंचवीस हात मोजून दिला. तिने तो पुन्हा आपल्या हाताने मोजला, अडीच हात कमी भरला, आणि पेडण्याची बस सुटण्याच्या बेतात असताना ती दुकानासमोरून हलेना.