ताऱ्यांचा संसार

संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. ताऱ्यांचीही त्यातून सुटका नाही! भुजंगधारी तारकासमूहात असे एक जोडपे आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘आर. एस.’ म्हणतात. एक फुगलेला तांबडा राक्षसी तारा, दुसरा चिमुकला श्वेतबटू. अशांना ‘सहजीवी तारे’ असे गोड नाव आहे. राक्षसाच्या अंगावरून सतत संथ वारा वाहत असतो. त्यातला थोडा वायू बटू गुपचूप आपल्याकडे ओढतो. साठा पुरेसा झाला, की भडका! स्फोटातला वायू सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने सुटून जोडीदाराच्या त्या वाऱ्यावर आदळतो. आमच्याकडे नरसिंहपूरला नीरा भीमेला भेटते, तशी ही शांत भेट नव्हे. या धडकेत इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेऊ लागतात आणि रेडिओलहरी सुटतात.

मी बारामतीचा शाळामास्तर, शिकलेला मॅट्रिकपर्यंत. माझा जीव कादंबऱ्यांत. पण पुढच्या हकिकतीने मला धरून ठेवले.

१९८५ साली हा तारा भडकला, तेव्हा सुमारे ९२ सेंटिमीटर लांबीच्या लहरी सहासष्टाव्या दिवशीही मिळाल्या नाहीत. २००६ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा भडकला. एव्हाना आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली तीस थाळ्यांची दुर्बीण उभी होती. तिला त्या लहरी अडतिसाव्या दिवशी सापडल्या. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: भोवतालचा वारा या खेपेस १९८५ च्या मानाने तीस टक्केच दाट असावा. म्हणजे आधीच्या खेपेस गलका झाला नव्हता असे नाही. घराभोवतीच्या वाऱ्यानेच तो गिळला होता.

इंदापूरला माझी एक आत्या होती. जाड भिंतींचा वाडा. तिथून कधी चढा शब्द बाहेर आला नाही, म्हणून आळीतल्या बायका लेकीसुनांना तिच्या संसाराचा दाखला देत. आत्या माहेरी आली, की पहिले दोन दिवस नुसती झोपून काढी. आजी कोणाला तिला उठवू देत नसे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये तारा परत भडकला. या वेळी नामिबियातल्या दुर्बिणींनी धडकेतून आलेले अतितीव्र गॅमा किरणही टिपले. बटू मात्र अशा स्फोटात संपत नाही. २००६ चा भडका ओसरल्यावर काही महिन्यांतच तो पुन्हा जोडीदाराचा वायू ओढू लागला होता.