चि. चिऊस

प्रतापनगर, वडोदरा

चि. चिऊ,


मानसशास्त्राची पदवी घेऊन यूएक्स रिसर्चमध्ये शिरायचं म्हणतेस आणि चित्रकला येत नाही म्हणून हातपाय गाळतेस! अगं, समोरच्याला बोलतं करणं आणि तो प्रत्यक्षात काय करतो ते पाहणं, हे या कामात आधी येतं.

डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांच्या १९५८च्या ज्या अहवालावरून पुढे अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात आपल्या लोट्याबद्दल केवढे प्रश्न आहेत! पाणी किती मावावं, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा राहतो. हीच खरी वापरणाऱ्याची चौकशी.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी केलेला ‘स्वरचक्र’ कळफलकही बघ. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. ‘क’वर बोट टेकवलं की भोवती का, कि, की, कु उमटतात, बोट सरकवलं की अक्षर तयार. शाळेत जे पाठ झालंय त्याचाच आधार घेतलाय. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

तू सुरुवात इथल्या स्टेशनवरून कर. एकतानगरची मेमू पकडायला माणसं येतात. परवा एक काकू फोनवर तिकीट काढत होत्या. गावाचं नाव त्यांनी झरझर शोधलं, पण पैसे भरायचं पान आलं तसा फोन मुलाच्या हातात दिला. अशा वेळी ‘ॲप आवडतं का?’ असं विचारलंस तर ‘चांगलंय’ म्हणतील आणि विषय संपेल. ‘मागच्या खेपेला तिकीट कसं काढलंत?’ असं विचार आणि गप्प बस. आधी परवानगी मात्र घे, आणि पिनकडे बघायचं नाही.

असे दोन-तीन अभ्यास मन लावून लिही: कोणाला भेटलीस, काय दिसलं, काय बदलावं, कशाची अजून खात्री नाही. तोच तुझा पोर्टफोलिओ. मग इंटर्नशिप शोध. डिझाइनच्या एम.डेस. प्रवेशासाठीची सीड परीक्षा तीन वर्षांच्या पदवीवरही देता येते, पण तिची घाई नको.

मराठी, गुजराती आणि हिंदी सफाईने बोलतेस, हे बायोडेटात अगदी वर लिही. अडचण माणूस आपल्याच भाषेत मोकळेपणाने सांगतो, आणि वडोदऱ्यात वाढल्यामुळे तुला हे आयतं मिळालंय.

पहिल्या मुलाखतीचं टिपण शब्दन् शब्द उतरवून पाठव. तुझे प्रश्न कुठे लांबले ते मी खुणा करून कळवीन.

तुझी,
मावशी