खडीकरण

रदों गावात दोन पाणवाटा एकमेकींना छेदतात. एक विलेन नदी आणि दुसरा नांतहून ब्रेस्टकडे गेलेला कालवा. फ्रान्सच्या पश्चिमेला, ब्रिटनी प्रांतात मी गेली बरीच वर्षं या गावी राहते. रविवारी सकाळी सायकल काढून कालव्याच्या काठाला लागलं, की गावचा शेवटचा पूल ओलांडल्यावर मोटारींचा आवाज तुटतोच. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला झाडं आणि त्यापलीकडे गाईंची कुरणं. चाकाखाली बारीक, पिवळसर करड्या रंगाची खडी. कोरड्या दिवशी ती करकरते, पावसानंतर नुसती सरसरते. मालेत्र्वापर्यंत, मनात आलं तर जोस्लँच्या किल्ल्याच्या बुरुजांखालपर्यंत मी जाते, आणि सबंध वाटेवर मागून हॉर्न म्हणून वाजत नाही. मोटारीला इथं मज्जावच आहे. वाट दुरुस्त करणाऱ्यांची गाडी तेवढी कधीमधी दिसते.

ही वाट सायकलवाल्यांसाठी झालेली नाही. इंग्रज आरमारानं ब्रेस्ट बंदराची कोंडी केली होती. समुद्रानं माल नेणं अवघड, म्हणून देशाच्या आतून पाण्याची वाट काढायची असं ठरलं आणि १८११ मध्ये नेपोलियननं या कालव्याचं फर्मान काढलं. लांबी ३६४ किलोमीटर. मध्ये ब्रिटनीच्या टेकड्या, त्यामुळे बोटी चढवायला-उतरवायला दोनशेहून अधिक लॉक बांधावे लागले. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला दगडी हौद. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे आणि पाणी भरून तिला वरच्या पातळीवर उचलायचं. कालवा पुरा व्हायला १८४२ साल उजाडलं. १८६५ मध्ये रेल्वे ब्रेस्टला पोचली आणि ज्या कामासाठी एवढा खटाटोप केला ते काम आगगाडी करू लागली.

काठावरची वाट होती बोटी ओढणाऱ्यांची. घोडे ओढत, आणि अनेकदा माणसं. छातीवरून पट्टा आडवा घ्यायचा, पुढं वाकायचं आणि भरलेली बोट दोरानं खेचत चालायचं. त्यांना चढ परवडणारा नव्हता, म्हणून वाट पाण्याच्या पातळीनं जाते आणि लॉकपाशीच काय ती थोडी चढते. आज लहान मुलं, सत्तरीचे आजोबा, सामान लादून दूरच्या प्रवासाला निघालेली जोडपी या वाटेवर दमत नाहीत ती त्या ओढणाऱ्यांमुळे. रोआँ आणि पोंतिवी यांच्या मधल्या टप्प्यात मात्र लॉकमागून लॉक येतात, पन्नासाहून जास्त. प्रत्येकाशेजारी राखणदाराचं दगडी घर. त्यातल्या काही घरांपुढं आता फुलझाडं आहेत, काही ठिकाणी कॉफी मिळते.

आणखी पश्चिमेला ग्लोमेल. इथं कालवा सगळ्यांत उंचावर येतो आणि टेकडी मध्ये आडवी पडते. ती कापली कैद्यांनी, १८२३ ते १८३२ या काळात, कुदळ-फावड्यानं. तीन किलोमीटर लांब आणि वीस मीटरहून खोल असा तो चर आहे. आता दोन्ही उतारांवर दाट झाडी वाढली आहे आणि भर उन्हाळ्यातही खाली गारवा असतो. तिथून जाताना मी पाय थांबवते. एवढी सुंदर सावली ज्या हातांनी खणली त्यांना ती मिळाली नव्हती, हे मला तिथं विसरता येत नाही.

विसरता न येण्याचं कारण खडीच आहे.

माझा जन्म ७२ च्या दुष्काळातला, करमाळा तालुक्यातला. आई मला घेऊन दुष्काळी कामावर जायची. लिंबाच्या फांदीला झोळी बांधायची, त्यात मी, आणि ती उन्हात खडी फोडायला. मोठे दगड वडाराची माणसं सुरुंगानं काढत. ते हातोडीनं फोडून दीड इंचाची खडी करायची, घमेल्यानं ढिगावर टाकायची. मजुरी ब्रासावर. संध्याकाळी मुकादम ढीग मापायचा आणि माप कमी भरलं तर पैसे कमी. दुपारी सुकडी मिळे. रेशनवर तांबडा मिलो. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. रोजगार हमीचा कायदा नंतर, १९७७ मध्ये झाला. त्याच्या पायात त्या माणसांचा घाम आणि ते ढीग आहेत.

आईच्या खडीनं जो रस्ता झाला त्याच रस्त्यानं मी पुढं हायस्कूलला गेले. काळी अ‍ॅटलस सायकल, दादाची. सुरुवातीला नळीखालून पाय घालून हाफ पायडल, मग सीटवर. तालुक्याच्या कामांच्या पाट्यांवर ‘खडीकरण व डांबरीकरण’ असं एका दमात लिहिलेलं असे, पण आमच्या रस्त्यावर पहिला शब्द कैक वर्षं एकटाच राहिला. मुरूम पावसानं वाहून जायचा, खडी उघडी पडायची, टायर फाटायचे. बाळंतिणीला बैलगाडीतून नेताना त्या खडीवर काय व्हायचं ते आमच्या गावातल्या बायकांनाच ठाऊक. म्हणून डांबराला नावं ठेवणं मला कधीच जमणार नाही. डांबर पडलं त्या वर्षी एसटी वेशीपर्यंत आली, दवाखाना अर्ध्या तासावर आला. त्याबरोबर उसाचे ट्रकही आले, आणि आम्हा मुलींच्या सायकली साइडपट्टीवर आल्या. काहींच्या घरच्यांनी सायकल बंदच केली. रस्ता एकच होता, त्यावर जो मोठा तो मधून चालणार.

इथं येऊन मला दुसऱ्या रस्त्याची किंमत कळली. मोटारींचा पक्का रस्ता जवळच असतो, आणि त्याच्याशिवाय ही वाट असते. फ्रान्सनं त्यासाठी नवीन जमीन फारशी घेतलीच नाही. होतं ते वापरलं: कालव्यांचे काठ आणि उखडलेले लोहमार्ग. १८७९ मध्ये फ्रेसिने नावाच्या मंत्र्यानं गावोगाव रेल्वे न्यायचा बेत आखला आणि हजारो किलोमीटर फाटे टाकले गेले. मोटारी आल्यावर ते एकेक करून बंद पडले. ब्रिटनीच्या आतल्या भागात आपल्या बार्शी लाइटसारखीच अरुंद रुळांची गाडी होती. ती बहुतेक सगळी १९६७ मध्ये थांबली. कारेहून मोर्लेला जाणारी तिची वाट आता सायकलींची आहे. अशी पहिली वाट १९९७ मध्ये बर्गंडीत झाली, जिव्री ते क्ल्यूनी. २००४ मध्ये सरकारनं वाहतुकीच्या नियमांतच या वाटांना जागा दिली: पायी, सायकल, काही ठिकाणी घोडा, इंजिन नाही.

आणि खडीवर सायकल चालवणं हे काही आजचं फॅड नव्हे. १९०३ ची पहिली तूर द फ्रान्स शर्यत बहुतेक कच्च्या रस्त्यांवरच झाली. सँतेतिएनचे पॉल द व्हिव्ही, ज्यांना सगळे व्हेलोसिओ म्हणत, त्यांनी गिअर लावून डोंगर चढण्याचा आणि सायकलवर बसून देश बघण्याचा आग्रह आयुष्यभर धरला. तूर द फ्रान्सनं डिरेलर गिअरना परवानगी दिली ती १९३७ मध्ये, ते गेल्यानंतर. आज दुकानात जाड टायरच्या ‘ग्रॅव्हल’ सायकली बघते तेव्हा मला त्यांची आठवण येते.

आई एकदाच इथं आली. तेव्हा तिची सत्तरी झाली होती. तिला सायकल येत नाही, म्हणून आम्ही लॉकपर्यंत चालत गेलो. थोडं पुढं गेल्यावर ती खाली बसली, मूठभर खडी उचलली, अंगठ्यानं फिरवून पाहिली.

“हातानं फोडल्याली न्हाई ही. मशीनची हाय. समदी सारखी.”

मग म्हणाली, “पर दबाई चांगली केलीया. डांबर कवा पडायचं?”

मी म्हटलं, “पडणार नाही आई. अशीच ठेवणार आहेत. मुद्दाम.”

ती बराच वेळ वाटेकडं बघत राहिली. तिला ते पटवून देणं मला आजही पुरतं साधलेलं नाही. ज्या बाईनं खडी फोडली ती डांबराच्या आशेवर.

घरी आल्यावर मी तिला फ्रेंच चित्रकार कुर्बेच्या चित्राचा छापील फोटो दाखवला. दगडफोडे, १८४९. एक म्हातारा गुडघ्यावर बसून हातोडी मारतोय, एक पोरगा दगडांची टोपली मांडीच्या आधारानं उचलतोय. दोघांचे चेहरे दिसत नाहीत. मूळ चित्र दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये नष्ट झालं असं मानतात. आईनं चेहऱ्यांबद्दल काहीच विचारलं नाही. म्हाताऱ्याच्या गुडघ्याखाली बोट ठेवून म्हणाली, “गवात घेतलंय बघ. आमी पोत्याची घडी घ्यायचो.” कुर्बेवर मी पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं कुठलंच वाक्य या एका वाक्याइतकं चित्राच्या जवळ गेलं नव्हतं.

इथल्या गावांत या वाटांवर डांबर घालायचं का, हा वाद अधूनमधून निघतो. व्हीलचेअरवाल्यांना, बाळगाडी ढकलणाऱ्यांना, पावसात कामावर जाणाऱ्यांना गुळगुळीत वाट हवी असते, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. मी अशा एका सभेत उभी राहून बोलले, की गावाला लागून असलेला टप्पा अवश्य पक्का करा. पण पुढची वाट खडीचीच ठेवा. खडीतून पाणी जिरतं, झाडांच्या मुळांना श्वास मिळतो, वेग आपोआप बेतात राहतो, आणि म्हातारी माणसं मागे न बघता चालतात. करमाळ्याला गेले की तिथल्या कालव्यांच्या मुरमाच्या काठवाटा मी याच नजरेनं पाहते. पाटबंधारे खात्याच्या जीपसाठी केलेल्या त्या वाटा शाळेच्या पोरींसाठी किती सरळ, किती सपाट आहेत. कोणी त्या राखल्या, दोन बाजूंना झाडं लावली, तर ट्रकच्या साइडपट्टीवरून त्या पोरी सुटतील. हे व्हावं असं मला फार वाटतं.

२०२५ च्या जानेवारीत रदोंला मोठा पूर आला. विलेन आणि कालवा एक झाले, काठवाट पाण्याखाली गेली. एप्रिलात मी गेले तेव्हा ठिकठिकाणी खडी वाहून गेलेली होती आणि माणसं कामाला लागली होती. नवी खडी, वर बारीक भुकटी, मग रोलर. मी व्हिडिओ काढून आईला पाठवला. तिचा लगेच फोन.

“पाणी कमी मारलंय. आधी भिजू द्या म्हणावं, मग फिरवा. न्हाईतर पहिल्या पावसात उठंल.”

दुसऱ्या दिवशी मी रोलरवाल्याला जाऊन ते सांगितलं. कोण म्हणतंय, त्यानं विचारलं. माझी आई, म्हटलं. तिनं हे काम केलंय. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि तुमच्याकडं पाणी किती मारायचे असं विचारू लागला. मी आईला फोन लावला आणि दोघांच्या मध्ये दुभाषी म्हणून उभी राहिले.