मालकाला विचारलंस का?

मित्रांनो, दुसऱ्याच्या वाडीतल्या कैऱ्या तुम्ही कधी चोरून खाल्ल्या आहेत का? मी खाल्ल्या आहेत. अलिबाग तालुक्यातलं आमचं गाव. जिकडे बघाल तिकडे वाड्या, आणि आम्ही पाच-सहा उनाड पोरं. एकदा भर दुपारी खिसे भरून घरी येत होतो, तर शेजारच्या आजी ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या. माझ्या फुगलेल्या खिशांकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "मालकाला विचारलंस का रे?"

मी मान खाली घातली. त्यांनी घरी सांगितलं नाही, पण तो प्रश्न माझ्या मागे लागला.

चार-आठ दिवसांनी मी आमच्याच परसातला पेरू तोडून खात होतो. कुंपणापलीकडून आजींचा आवाज आला, "मालकाला विचारलंस का?"

"आजी, हे आमचंच झाड आहे!" मी जोरात म्हटलं.

"असं? कोणी लावलं?"

"आमच्या आजोबांनी."

"आणि पाऊस पण त्यांनीच पाडला? ऊन त्यांनीच आणलं? बी तरी त्यांनी घडवलं का?"

मला काही उत्तर देता येईना. आजींनी हात पुढे केला, माझ्याकडचा दुसरा पेरू घेतला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. ते मराठी नव्हतं. मग त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "झालं. मी मालकाला विचारलं."

आजी बेने इस्राएल होत्या, म्हणजे ज्यू. या लोकांची परंपरा सांगते की, फार फार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणातच राहिले. घाण्यावर तेल काढू लागले, मराठी बोलू लागले. गावांवरून त्यांची आडनावं पडली. शनिवारी मात्र ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगावचे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आमच्या आजीही नऊवारी नेसायच्या आणि आमच्यासारखंच बोलायच्या. प्रार्थना तेवढी हिब्रू भाषेत.

पेरू खाताना त्या जे पुटपुटल्या, ती झाडाच्या फळाची प्रार्थना. झाडाचं फळ निर्माण करणाऱ्या देवाची स्तुती करायची आणि मगच घास घ्यायचा. ज्यूंच्या तालमूद नावाच्या ग्रंथात सांगितलंय की, ही प्रार्थना न म्हणता जगातली वस्तू उपभोगणं म्हणजे देवाची वस्तू लुबाडणं. आजींच्या भाषेत सांगायचं तर, न विचारता कैऱ्या तोडणं!

गंमत म्हणजे सगळ्या फळांना एकच प्रार्थना चालत नाही. झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्या भाजीपाल्याला दुसरी. एकदा आजींनी मला कोडं घातलं, "केळ्याला कुठली?" मी म्हटलं, "झाडाची." आजी हसल्या. "केळीचा घड उतरवला की ती पुन्हा फळ देते का? तिला खोड असतं का?" मी परसात जाऊन तोडलेल्या केळीचा खुंट पाहिला. खरंच की, नुसत्या एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या सोपट्या! म्हणून केळ्याला जमिनीची प्रार्थना. तेव्हा मला कळलं, की नीट प्रार्थना करायची तर आधी झाड नीट बघावं लागतं.

आजींच्या लहानपणी त्यांच्या घरी घाणा होता. त्या सांगायच्या, शनिवारी आमचा बैलसुद्धा सुटा असायचा. ज्यूंच्या दहा आज्ञांपैकी जी आज्ञा आठवड्याच्या सातव्या दिवशी विश्रांती घ्यायला सांगते, तिच्यात माणसांबरोबर जनावरंही आली आहेत. जमिनीलाही सुट्टी आहे. इस्राएलच्या भूमीत दर सातव्या वर्षी शेत पडीक ठेवावं, असं त्यांचा धर्मग्रंथ सांगतो. लढाईत शत्रूच्या शहराला वेढा घातलेला असला, तरी तिथल्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवायची नाही. पुढे ज्यू पंडितांनी हाच नियम अन्न आणि कपड्यांनाही लावला. उगाच काही नासायचं नाही. मी पेरू अर्धवट खाऊन फेकला की आजी का रागवायच्या, ते मला नंतर समजलं.

आता माझी खरी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला अजूनही जड जातं.

जानेवारी-फेब्रुवारीतल्या एका पौर्णिमेला ज्यूंचं झाडांचं नवं वर्ष सुरू होतं. त्याला 'तू बिश्वात' म्हणतात. आमच्याकडचे बेने इस्राएल त्या दिवशी एलियाहू हन्नबी या पैगंबरांचा उरूस करतात. मोठ्या ताटात मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळं. प्रार्थना झाली की तो सगळ्यांना वाटतात. १९६८ सालच्या फेब्रुवारीत आजींकडे असाच मलिदा झाला. पण घर सामानाने भरलेलं होतं. आजी मुलाबरोबर कायमच्या इस्राएलला निघाल्या होत्या. त्या वर्षांत कोकणातली कितीतरी बेने इस्राएल कुटुंबं अशीच गेली.

त्या दिवशी आजींनी दोन्ही घरांच्या मध्ये, आमच्या हद्दीत पेरूचं एक रोप लावलं.

"आजी, तुम्ही तर चाललात. याचे पेरू कोण खाणार?" मी विचारलं.

त्यांनी मला होनी नावाच्या साधूची गोष्ट सांगितली. त्याला एक माणूस कॅरोबचं झाड लावताना दिसला. या झाडाला गोड शेंगा येतात. फळ धरायला सत्तर वर्षं लागतील, हे ठाऊक असूनही तो माणूस ते लावत होता. कारण तो जन्मला तेव्हा त्याच्यासाठी कुणीतरी आधीच झाडं लावून ठेवली होती.

"आमच्या मशिदीत मी काय शिकले सांगू?" आजी म्हणाल्या. (बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत.) "देवाने पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते राखण करायला. नुसतं खायला नव्हे. तू याला पाणी घालशील ना?"

"घालीन," मी म्हटलं. "शप्पथ."

मार्चमध्ये त्या गेल्या. एप्रिलमध्ये माझी परीक्षा होती. मे महिन्यात विहीर आटत आली आणि मी दिवसभर क्रिकेट खेळत होतो. आज घालू, उद्या घालू, असं म्हणता म्हणता एके दिवशी पाहिलं, तर रोपाची काडी झाली होती.

जूनमध्ये निळं हवाई पत्र आलं. आजी इस्राएलच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेला राहत होत्या. तिथे पाणी कसं मोजून वापरतात, ते त्यांनी लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं, "पेरू कसा आहे?"

मी उत्तर लिहिलं, "छान आहे."

मित्रांनो, कैऱ्या चोरल्या तेव्हा मला जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी ते पत्र पेटीत टाकताना वाटली. एक वर्ष मी त्या जागेकडे फिरकलोच नाही. १९६९ च्या पावसाळ्यात मात्र राहवेना. मी तिथेच दुसरं रोप लावलं आणि मुकाट्याने पाणी घालू लागलो. उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणीसुद्धा त्याला नेऊन घालायचो. आजींना मात्र काही कळवलं नाही.

दर उरुसानंतर त्यांचं पत्र यायचं. त्यात वर्षांची मोजणी असायची. त्यांच्या धर्मग्रंथाप्रमाणे नव्या झाडाचं फळ पहिली तीन वर्षं खायचं नाही, चौथ्या वर्षीचं देवाचं आणि पाचव्या वर्षापासून आपलं. (आपले बागाईतदारही आंब्याच्या कलमाचा सुरुवातीचा मोहोर खुडून टाकतात, म्हणजे झाड आधी बळकट होतं.) १९७२ साली आजींनी लिहिलं, "चार उरूस झाले, आता पाचवं लागलं. यंदा पेरू खा, माझ्या नावाने एक जास्त खा."

झाडावर पेरू लगडले होते. पण माझं झाड एका वर्षाने मागे होतं. त्याचं चौथंच वर्ष चाललं होतं, आणि हे ठाऊक असलेला अख्ख्या जगात मी एकटाच होतो. एक पेरू हातात घेतलासुद्धा. तोंडापर्यंत नेईना. मालकाला विचारायचं तर खरं सांगून विचारावं लागणार होतं!

त्या रात्री मी आजींना सगळं लिहिलं. वाळलेलं रोप, खोटं पत्र, दुसरं झाड, सगळं.

महिन्याभराने उत्तर आलं. मला भरपूर बोलणी बसणार असं वाटलं होतं. पत्रात तब्येतीची खुशाली होती, नातवंडांच्या शाळेची हकीकत होती, आणि खाली एक ओळ: "मग अजून एक वर्ष थांब."

मी थांबलो. त्या वर्षीचे पेरू पोपटांनी आणि खारींनी खाल्ले. पुढच्या वर्षी मी झाडाखाली उभा राहिलो. मला हिब्रू येत नव्हतं, म्हणून आपल्या मराठीतच मालकाला विचारलं आणि पहिला पेरू तोडला.

आता कोकणात बेने इस्राएल कुटुंबं थोडीच उरली आहेत. अलिबागच्या इस्राएल आळीतलं त्यांचं प्रार्थनामंदिर मात्र आजही उभं आहे. कधी गेलात तर जरूर पाहा. तुमची प्रार्थना वेगळी असेल, भाषा वेगळी असेल. तुमच्यापैकी कुणी प्रार्थना करतही नसेल. पण पुढच्या वेळी फळ हातात घ्याल तेव्हा घास घेण्याआधी क्षणभर थांबा, आणि ज्या झाडाला पाणी घालायचं कबूल केलं असेल, त्याला आज पाणी घातलं का, ते आठवून बघा. नसेल घातलं, तर आधी ते घालून या. पेरू तोवर कुठे पळून जात नाही!