खोटी हाक

कावळा आणि घुबड यांचे वैर आपल्या वाङ्मयात इतके जुने आहे की, पंचतंत्रकर्त्यास त्यावर एक संपूर्ण तंत्र खर्ची घालावेसे वाटले. ‘काकोलूकीय’ हे त्याचे नाव. त्यात स्थिरजीवी नावाचा म्हातारा कावळा स्वकीयांनीच मारून टाकून दिल्याचे सोंग करून घुबडांच्या गुहेत शिरतो, आणि अखेर ती गुहाच पेटवून देतो. शाळेत हा भाग वाचताना आम्हांस कावळ्याच्या चातुर्याचे मोठे कौतुक वाटे. आता पन्नाशी उलटल्यावर घुबडांचीच कीव येते. ते असो. या वैराचा फायदा उपटणारा तिसरा प्राणी मात्र पंचतंत्रात आला नाही. तो अमेरिकेत भेटतो. तेथे कावळे मारण्याचा शौक असलेले लोक शेताच्या कडेस एक खोटे घुबड उभे करितात, भोवती चार-दोन खोटे कावळे मांडितात, आणि झुडपात दडविलेल्या यंत्रातून संकटात सापडलेल्या कावळ्याचा आक्रोश सोडून देतात. जातभाईच्या मदतीस कावळे धावून येतात, आणि आयतेच बंदुकीच्या टप्प्यात सापडतात.

या खेळालाही तेथे नियम आहेत, आणि ते मोठे मौजेचे आहेत. रानबदकांच्या शिकारीत जिवंत पाळीव बदके भुलवणीस वापरण्याची चाल तेथील सरकारने १९३५ साली बंद केली. पुढे ध्वनिमुद्रित आवाज वापरण्यासही सर्वसाधारणपणे मनाई झाली. कावळ्यास १९७२ सालापासून मेक्सिकोबरोबरच्या पक्षिविषयक तहाचे छत्र मिळाले, त्यामुळे त्याच्या शिकारीचा हंगाम वर्षातून १२४ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, व ऐन विणीच्या दिवसांत तो ठेवता येत नाही. परंतु यंत्राच्या आवाजाची बंदी कावळ्यास लागू नाही; बहुतेक राज्यांत ते खुशाल वाजवावे. बदकाशी खोटे बोलू नये, कावळ्याशी बोलल्यास दोष नाही, असा हा निर्णय आमच्या एखाद्या निबंधकारासही सुचला नसता.

त्यांस हसण्याचा अधिकार आपणांस आहे असे मात्र कोणी समजू नये. पितृपक्षात ज्या कावळ्याची वाट पाहत आपण ताटकळत उभे राहतो, त्यालाच आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उंदीर, घुशी आणि वटवाघळे यांच्या पंक्तीस पाचव्या परिशिष्टात बसविले होते. ते परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीने गेले, व ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. म्हणजे पन्नास वर्षे आपले पितर आपण उपद्रवी ठरविलेल्या पाखराच्या हाती सोपवीत होतो.

कावळ्यासाठी यंत्र लावणारा मनुष्य आम्ही वऱ्हाडात अद्याप पाहिलेला नाही. पण ते यंत्र आणि ते घुबड, दोन्ही वऱ्हाडात येऊन पोचली आहेत. आणि ती एकत्र पाहण्याचा योग आम्हांस गेल्या हिवाळ्यात सेमाडोहास आला.

परतवाड्याहून घाट चढून, घटांगवरून उतरले की सिपना नदीच्या काठी हे गाव लागते. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग, असे तेथील लोक सांगतात, आणि भोवतालचे रान पाहता नाव शोभते. १९७४ साली मेळघाट हा व्याघ्रप्रकल्प झाला. परंतु सेमाडोहास केवळ वाघासाठी जाणारा बहुधा निराश होऊन परततो. आम्ही इंग्रजीचे अध्यापक. पाखरांचा आणि आमचा संबंध कीट्सच्या नाइटिंगेलपुरता व शेलीच्या स्कायलार्कपुरताच असावयाचा, आणि ही दोन्ही पाखरे आम्ही तीस वर्षे न पाहता शिकविली. विद्यार्थ्यांच्या निसर्गमंडळाबरोबर दर हिवाळ्यात वडीलधारे म्हणून आम्हांस धाडण्यात येते, एवढ्यानेच आमचा सेमाडोहाशी परिचय. पण तेथे रानपिंगळा आहे, आणि त्याची कथा कोणत्याही कवितेहून कमी नाही.

१८७२ साली ब्लेविट नामक गृहस्थाने आजच्या छत्तीसगडात हा पक्षी प्रथम मिळविला, आणि ह्यूम याने, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या त्याच ह्यूमने, त्याचे शास्त्रीय वर्णन लिहिले. १८८४ साली डेव्हिडसनने खानदेशात मारलेला नमुना हा शेवटचा. पुढे तो कोणास दिसेना. १९१४ साली गुजरातेत मांडवीस आपण एक मारला असा मेइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा दावा होता, आणि शोध घेणारे त्या चिठ्ठीवर विसंबून राहत. पामेला रासमुसेन या विदुषीने तो नमुना तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनचाच चोरलेला पक्षी नव्याने भरून, वर खोटी चिठ्ठी लावलेला निघाला! त्या दाव्यास बाजूस सारून खऱ्या नमुन्यांची ठिकाणे धुंडाळली गेली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रासमुसेन, किंग व अ‍ॅबट या तिघांस रानपिंगळा जिवंत भेटला. एकशेतेरा वर्षांनी. पुढील काही वर्षांत मेळघाटातही तो सापडला. कावळ्यांस भुलविणारे खोटे घुबड आपण वर पाहिले. पण पंडितांस भुलविणारे पेंढा भरलेले घुबडही असते, ही गोष्ट आम्हांस अधिक उद्बोधक वाटते.

तर सेमाडोहास गावाबाहेर सागाच्या विरळ रानात आम्ही सकाळी उभे होतो. रानपिंगळा हा इतर घुबडांप्रमाणे दिवसा तोंड लपवीत नाही. उघड्या फांदीवर बसतो, शेपटी आजूबाजूस झटकतो, सरडे धरतो. आमच्या पुढे एका मोठ्या शहरातून आलेले चार-पाच गृहस्थ होते. हातभर लांब भिंगांचे कॅमेरे, अंगावर पानापानांचे कपडे. त्यांतील एकाने खिशातून मुठीएवढा ध्वनिक्षेपक काढला, मोबाईलवर बोट फिरविले, आणि रानात पिंगळा बोलू लागला. प्रथम लहान पाखरे जमली. बुलबुल आले, कोतवाल आला, त्यांनी त्या अदृश्य घुबडावर कलकलाट मांडला. कॅमेरे कडकडू लागले. थोड्या वेळाने खरा रानपिंगळा समोरच्या सागावर येऊन बसला, मान फिरवून त्याने चारी दिशा न्याहाळल्या, आणि उत्तर दिले. यंत्राने पुन्हा हाक दिली. त्याने पुन्हा उत्तर दिले. हे किती वेळ चालले ते आम्ही घड्याळात पाहिले : बावीस मिनिटे. तेवढ्या वेळात त्याने एकही भक्ष्य धरले नाही. ते दिवस त्याच्या विणीचे असतात.

आमच्याबरोबरचा कोरकू वाटाड्या आधी दोनदा हात जोडून नको म्हणाला होता. नंतर तो आमच्याकडे वळून म्हणाला, “सर, तुमच्या दारात रोज कोनी येऊन ‘हे माहं घर हाय’ म्हनून वरडलं, त तुम्हाले झोप लागन का?” आम्ही त्या गृहस्थांस थांबविण्याची विनंती केली. त्यांचे उत्तर सौजन्यपूर्ण होते : “आम्ही काही शिकार करीत नाही, साहेब. आम्ही निसर्गप्रेमी.”

हे उत्तर आम्ही अमरावतीस परतल्यावर कायद्याच्या पुस्तकात ताडून पाहिले. १९७२ च्या कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या वाचनीय आहे. तीत बंदूक आहे, धनुष्यबाण, सुरी, जाळे, विष, फासे आहेत; आणि शेवटी प्राण्यास बेशुद्ध करू शकणारे, भुलवू शकणारे, मारू वा जखमी करू शकणारे कोणतेही उपकरण आहे. भुलविणारे उपकरणही शस्त्रच! आणि मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरू नये, असे ३१ वे कलम म्हणते. शिकारीच्या व्याख्येतही केवळ मारणे नाही, आमिष दाखविणे आहे, व तसा प्रत्येक प्रयत्न आहे. खिशातल्या ध्वनिक्षेपकास शस्त्र म्हणावे की नाही, हे न्यायालय काय म्हणेल ते म्हणो. अभयारण्यातील प्राण्यास कोणीही छेडू नये, हे २७ वे कलम तरी निःसंदिग्ध आहे. बंदूक गेली, पण तिच्या पुढे चालणारी हाक मागे राहिली आणि कॅमेऱ्याच्या चाकरीस लागली, एवढे आम्हांस दिसते.

आणि येथे आम्हांस आमच्या प्रांतातील फासेपारध्यांची आठवण होते. पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवावयाचा, भोवती फासे मांडावयाचे. तो बोलला की आपल्या हद्दीत हा कोण उपटला म्हणून रानातला तितर भांडावयास येतो आणि फाशात पाय अडकवून घेतो. युक्ती तीच, पाखराचा स्वाभिमानही तोच. फरक इतकाच की, पारध्यास त्यावर घर चालवावयाचे असे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा लोकांस जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची सोय केली. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का अद्याप पुरता गेलेला नाही. आज पारधी तितरासह सापडला तर तो कचेरीत उभा राहतो, व ते योग्यही असेल. पण बावीस मिनिटे भुलवणी करणाऱ्या गृहस्थाची छायाचित्रे दिवाणखान्यात लागतात. एकाच युक्तीस दोन न्याय असले, की वाटाड्याचे जोडलेले हात कोणास दिसावयाचे?

आमचा एक विद्यार्थी प्राणिशास्त्राचा आहे. परतीच्या गाडीत त्याने आमच्याशी वाद घातला. त्याचे म्हणणे असे की, १९९७ पूर्वी रानपिंगळ्याचा आवाज कसा असतो हेच कोणास माहीत नव्हते. तो कळला, मुद्रित झाला, म्हणून रानोमाळ हाक देऊन त्याची मोजदाद करता आली. हाक सरसकट बंद केली तर तो कोठे उरला आहे हे तरी कळावे कसे? यास आम्हांपाशी चांगले उत्तर नव्हते, आणि ते नसावे हेच बरे. नियम आवाजाचा नसून आवाज देणाऱ्याचा असावा, असे आमचे मत तेव्हा बनले : हौशी मनुष्यास पूर्ण मनाई, मग तो अध्यापक का असेना, आणि अभ्यासकास लेखी परवानगी, तीही मोजून-मापून.

तो मुलगा आता अशाच एका परवानगीचा अर्ज लिहीत आहे. मसुदा त्याने आम्हांस भाषा तपासण्यास आणून दिला. बरोबर नेण्याच्या वस्तूंत त्याने दुर्बीण, वही, होकायंत्र लिहिले होते, आणि ध्वनिक्षेपक ‘इतर साहित्य’ या सदरात घातला होता. आम्ही तो तेथून काढून स्वतंत्र ओळीवर घ्यावयास लाविला, आणि त्यापुढे एका जागी किती वेळा, किती अंतराने, किती मिनिटे आणि कोणत्या महिन्यांत मुळीच नाही, हे लिहावयास सांगितले. महिन्यांची जागा त्याने अद्याप कोरी ठेविली आहे. त्या वाटाड्यास विचारून मग भरीन म्हणतो.