कढईचा डिंक

महसूल खात्यात बत्तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला दौऱ्याची तयारी कुणी शिकवावी लागत नाही. दप्तर, शिक्के, नकाशे आणि मुक्कामाचे सामान यांची फेरिस्त त्याच्या डोक्यात कायमची वस्तीला असते. असे असूनही, शस्त्रक्रियेनंतर सातव्या महिन्यात अकोल्यास भाचीच्या साखरपुड्याला जायचे ठरले, तेव्हा अमरावतीच्या माझ्या घराचा उंबरठा मला एखाद्या परमुलखाच्या सरहद्दीसारखा वाटू लागला. कर्करोगापायी मलाशय काढून टाकावे लागले होते आणि पोटाच्या डाव्या अंगाला आतड्याचे टोक बाहेर आणून त्यावर पिशवी बसविण्यात आली होती. त्या मुखाला डॉक्टर ‘स्टोमा’ म्हणतात. गालाच्या आतल्या बाजूसारखे ते लाल आणि ओलसर असते. बोट लागले तरी दुखत नाही. मात्र त्याला इच्छेचे बंधन नाही, आणि धनी देवघरात बसला आहे की एस.टी.त, याची वास्तपुस्त न करता ते आपल्या वेळेने आपले काम करीत राहते. चारचौघांत वास आला तर, पिशवी सुटली तर, या दोन प्रश्नांनी मला सात महिने घरात डांबून ठेवले होते.

उपचार मुंबईस, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले आणि आम्हा उभयतांचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होता. शेंडगावात १८७६ साली जन्मलेला, स्वतःसाठी खोपटेही न बांधता इतरांसाठी धर्मशाळा बांधीत हिंडलेला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात, अमरावतीच्या वाटेवर असतानाच देह ठेवणारा तो आमच्या वऱ्हाडचा खराटेवाला पुरुष. त्याच्या नावाच्या छताखाली मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पिशवी बदलली. गावोगावची घाण ज्याने आपल्या हाताने काढली, त्याच्या दारी स्वतःच्या देहाच्या घाणीची शरम धरणे मला अनुचित वाटले आणि त्या दिवसापासून माझा हात कापेनासा झाला.

परिचारिकेने शिकविलेला पाठ मी सरकारी परिपत्रकासारखा मुखोद्गत केला होता. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, अधिक भरू देऊ नये, कारण वजनाने पिशवी धरून ठेवणारी चिकट चकती कातडीपासून सुटते. चकतीचे भोक स्टोमाहून दोन-तीन मिलिमीटरच मोठे असावे, नाहीतर उघड्या राहिलेल्या कातडीला मळ लागून ती सोलवटते. आणि बसविण्यापूर्वी चकती तळहाताखाली धरून ऊब द्यावी. प्रवासासाठी पत्नीने जुन्या लुगड्याची दोन कप्प्यांची थैली शिवली. एका कप्प्यात भोके आधीच कापलेल्या चकत्या आणि पिशव्या, लागतील असे वाटले त्याच्या दुप्पट. दुसऱ्यात ओला रुमाल, वर्तमानपत्राचे तुकडे, बांधून टाकायला काळ्या पिशव्या आणि एक सदरा-पायजमा. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ ओलांडतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सामान ठेवले तर चकत्यांचा लगदा होतो, म्हणून ही थैली मी तान्ह्या मुलासारखी मांडीवर सावलीत धरतो.

अमरावती ते अकोला हा रस्ता मी नोकरीत असंख्य वेळा हाडे खिळखिळी करीत कापला आहे. त्याच महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरले गेले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. इतरांना त्यात विक्रम दिसला असेल. पोटावर पिशवी बांधलेल्या माणसाला त्यात न बसलेले धक्के दिसतात.

वाटेतल्या एका थांब्यावर मात्र प्रसंग आलाच. शौचकूपाच्या दाराला कडी नव्हती, आत खुंटी नव्हती, आणि नळ कोरडा. मी दारातच घुटमळलो. बाहेर झाडणाऱ्या बाईने माझ्या हातातील थैलीकडे, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि काही एक न विचारता बादली भरून आणून ठेवली. “भाऊ, तुमी निवांत जा. मी उभी आहो दाराशी. घाई नोका करू.” खुंटीअभावी थैलीचा बंद दातांत धरून, पाणी उडू नये म्हणून भांड्यात आधी कागद टाकून, मी पिशवीची खालची घडी उलगडली, ती रिकामी केली, तोंड ओल्या रुमालाने पुसले आणि घडी पुन्हा घातली. चार मिनिटांचे काम. त्या चार मिनिटांत दाराबाहेर खराट्याचा आवाज एकदाही दूर गेला नाही. बाहेर आल्यावर मी हात जोडले, तर तिने मान हलवली आणि झाडायला वळली.

साखरपुड्यात धाकट्या बहिणीने पंक्तीत रोडगे आणि वांग्याची भाजी वाढली. “दादा, अर्धा तरी घे रे!” हा आग्रह मोडणे चकती बसविण्याहून कठीण. मी रोडगा घेतला, कच्चा कांदा बाजूला सारला, कारण त्याने पिशवीत वारा धरतो, आणि ताक दोनदा मागून घेतले. निघताना तिने वरुडची संत्री बांधून दिली. माझे मोठे आतडे बव्हंशी शाबूत असल्याने मी ती खातो. परंतु लहान आतड्यावर ज्यांचा स्टोमा आहे त्यांनी फोडीची साल चोथ्यासह गिळू नये, ती आत अडून बसते. त्यांनी रसच घ्यावा, आणि क्षार-पाण्याची साखर-मीठ घातलेली बाटली हाताशी ठेवावी.

पुढे रेल्वेच्या सवलतींची यादी चाळताना त्यात ऑस्टोमीच्या रुग्णाचा उल्लेख आढळला: मासिक व त्रैमासिक पासावर त्याला आणि सोबत्याला निम्मी सूट. मला पास काढायचा नव्हता, तरी मी ती ओळ दोनदा वाचली. ज्याचे नाव दप्तरात चढले त्याचे अस्तित्व सरकारदरबारी मान्य झाले, अशी आम्हा कारकुनांची जन्माची समजूत.

समुद्राचे मात्र निराळे. मुलाने मुंबईहून गोव्यास जाणाऱ्या कॉर्डेलिया जहाजाची तिकिटे काढली, तेव्हा पाण्याच्या मुलखाचे भय मनात होतेच, पण प्रत्यक्षात एस.टी.पेक्षा जहाज किती तरी सुखाचे. खोलीला स्वतःचे न्हाणीघर, दाराला कडी, पाणी भरपूर. थैली मोठ्या सामानात न देता हातात ठेवली, निम्मा साठा हिच्याकडे दिला, आणि वापरलेली पिशवी शौचकूपात टाकायची नाही एवढे पथ्य पाळले. दुसऱ्या पहाटे कठड्याशी उभे राहून आम्ही दोघांनी किनारा नसलेले पाणी पाहिले. हिने साठीत पहिल्यांदा असा समुद्र पाहिला.

ही पिशवी मुळात घराबाहेर पडण्यासाठीच जन्माला आली, हे मला उशिरा कळले. डेन्मार्कमधील एलिस सोरेन्सन या परिचारिकेच्या थोरा नावाच्या बहिणीवर अशीच शस्त्रक्रिया झाली होती आणि गळतीच्या धास्तीने ती लोकांत जाईनाशी झाली होती. तिच्यासाठी एलिसने १९५४ साली कातडीला चिकटणारी, टाकून देता येणारी पिशवी कल्पिली. त्याच दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडचे शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल कातडीच्या रक्षणासाठी ‘कराया’ नावाचा डिंक वापरू लागले. तो डिंक ज्या झाडाचा, ते आमच्या सातपुड्यात उभे आहे, आणि त्याचे नाव कढई.

गेल्या माघात चिखलदऱ्यास जाताना परतवाड्यापुढच्या घाटात गाडी थांबवून मी ते पाहिले. एकही पान नाही, बुंधा गुलाबीसर पांढरा, आणि सालीचे कागदासारखे पापुद्रे वाऱ्यात फडफडत होते. चांदण्यात ते भुतासारखे दिसते म्हणून कुणी त्याला भुत्याही म्हणतात. आजच्या चकत्या बहुधा निराळ्या द्रव्यांच्या असतात. पण ज्यांनी या वाटेवर माझ्या आधी पाऊल टाकले, त्या परदेशी माणसांची कातडी या डिंकाने राखली. जुन्या जखमेतून ओघळून वाळलेला एक खडा मी काढला आणि बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन त्यात टाकला. धावड्याचा डिंक लाडवांसाठी घरोघरी येतो, हा कुणी आणीत नाही. हिने विचारले, “काय करताय?” मी झाकण पुढे धरले. खडा विरघळला नाही. हळूहळू फुगत गेला, शिरक्यासारखा पुसट आंबट वास आला, आणि बोट बुडवले तर ते चिकटले. चालकाने दोनदा भोंगा वाजवला. चिखलदरा येईपर्यंत मी ते बोट धुतले नाही.